बदली

नाव इल्पो हापासारी.
पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा आप्पासर केला
आणि संध्याकाळपर्यंत तो त्या नावाला ओ देऊ लागला.

शिवडीचं मैदान, एका अंगाला गोदीची भिंत,
दुसऱ्या अंगाला सिमेंटचे ट्रक.
फिनलंडहून आला तेव्हा साठीला टेकलेला,
डावा गुडघा तीनदा उघडून शिवलेला,
आणि सोबत एका पोत्यात वीस चेंडू. नारिंगी.
बर्फात पांढरा हरवतो, म्हणाला,
आमच्याकडे नोव्हेंबर लागला की नारिंगी.

आमची माती लाल.
पंधरा मिनिटांत वीसही चेंडू मातीत मिसळले,
झुबेर हेडरला उठला
तो नुसत्या धुळीला टक्कर देऊन खाली आला.
आप्पासर हसला नाही.
विनोद त्याच्यापर्यंत बोटीने यायचा, उशिरा.
दुसऱ्या दिवशी आम्ही चेंडूंना चुना फासला.
मग कोण खरंच उठलं, कोण डोळे मिटून वाकलं
हे कपाळं बघून कळायचं.
तीच त्याची हजेरी.

मी दुभाषी. म्हणजे कागदावर.
अख्ख्या सरावात तो अकरा वाक्यं बोलायचा,
त्यातली सात 'पुन्हा'.
'पुन्हा' तो मराठीत शिकला
आणि मला फक्त रेषा मारायचं काम उरलं.

एकदा टपरीवर विचारलं,
देशासाठी किती खेळलात?
दोन मिनिटं.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बदली म्हणून उतरवला,
परका गाव, आधीच तीन गोल अंगावर.
चेंडू?
लागला नाही.
मग केलंत काय?
त्याने ग्लासातला चहा संपवला, तळाचा गाळसुद्धा.
धावलो.
जिथे जिथे तो येऊ शकला असता, तिथे तिथे.

मला माझा बाप दिसला.
यलो गेटवर सकाळी सातला, बदलीवाल्यांच्या घोळक्यात,
काखेत डबा.
आत कोणी गैरहजर नसलं तर दहाला घरी यायचा
आणि ताट न मांडता
डब्यातूनच जेवायचा, भिंतीकडे तोंड करून.
मी आप्पासरला या शब्दाचे आमच्याकडचे अर्थ सांगितले,
गोदीतला, सरकारी नोकरीतला, मैदानातला.
एरवी काही न लिहिणारा माणूस,
त्याने वही मागितली.

कूपरेजला सोळा वर्षांखालची सेमीफायनल.
भार्गव केणी हंगामभर बाकावर,
घरून आणलेल्या सुक्या बोंबलाचा वास त्याच्या बॅगेला,
म्हणून बॅगही बाजूला ठेवलेली.
शेवटची चार मिनिटं होती.
मी पाटीवर नंबर लावला, उंच धरली.
पोरगा जवळच्या खांबाकडे असा सुटला
की दोन बचाववाले त्याच्यामागे ओढले गेले,
आणि मागे मोकळ्या जागेत झुबेर.
गोल झुबेरचा. नाचले सगळे झुबेरभोवती.
आप्पासर दुखऱ्या गुडघ्याने मैदानाच्या कडेपर्यंत गेला,
केणीकडे बघून
एक बोट वर केलं, एवढंच.
पुढे जादा वेळेत आम्ही दोन खाल्ले आणि हरलो,
हे सांगायला हवं.

मार्चमध्ये क्लबने दुसरा कोच आणला,
तरुण, लॅपटॉपवाला. वाईट नाही.
आप्पासरला पत्र मिळालं इंग्रजीत,
ते मात्र मलाच वाचून दाखवावं लागलं,
खरं तर त्याला सगळं समजत होतं.
जाताना पोतं ठेवून गेला.
पोरांना म्हणाला, पुन्हा.
जाण्याबद्दल की येण्याबद्दल, कळलं नाही.

ऑफिसने सामानाचा हिशोब मागितला.
मी एकेक चेंडू धुतला,
चुन्याखालून, मातीखालून तो रंग निघाला.
अठराच भरले.
दोन कधीतरी भिंतीपलीकडे गेलेले, गोदीत,
कुठल्या बोटीखाली, कुठल्या बोटीवर, कोण जाणे.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं, दोन नग, बदली.
कारकुनाने शिक्का मारला.
काही विचारलं नाही.