अर्धा कप

ग्दान्स्कमध्ये दर गुरुवारी, ग्रंथालयाच्या तळघरात
चहा अर्धाच ओततात.
पूर्ण कप मागतो, तो नवखा.

आज बोगुमिल दारातच थिजला.
चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे सांधणारे हात
कोटाच्या खिशांत फडफडताहेत,
पाय मात्र फरशीला वेल्डिंग केल्यासारखे.

'चला, चला' म्हणालं नाही कुणी.
लुद्विकाने नुसती आपली काठी
आडवी ठेवली त्याच्या बुटांपुढे.
रेघ दिसली की उचलतो पाय.
असं का, ते डॉक्टरही धड सांगत नाहीत.

ओलांडली त्याने.

मग बशांवर चमचे
आपापल्या लयीत किणकिणत राहिले.
टेबलावर चहा सांडला, कुणाचा कोण जाणे.
कुणीच कुणाला सॉरी म्हटलं नाही.

बोगुमिलने आणखी अर्धा मागितला.