सुरमीपासून आठ पावलं

गोधनीच्या फाटकापलीकडे, रेल्वेच्या तारेला लागून
माझा दीड हजार फुटांचा प्लॉट.
त्यात एक कडुनिंब, एक सिमेंटचं टाकं, आणि सुरमी.
घर बांधायचं होतं. राहून गेलं.

सुरमीनं चौदा वर्षं नवरदेव वाहिले.
इतवारी, महाल, जरीपटका, कामठी रोडवरचे सगळे लॉन.
कपाळावर तुरा, कानाशी ढोल, पोटाशी टाच,
आणि दर वेळी पाठीवर कोणीतरी घाबरलेला माणूस.
मग गुडघा सुजला तो उतरेना.
रज्जाकभाई म्हणाले, "भाऊ, तुम्ही जनावराच्या दवाखान्यात होते न,
घेऊन जा हिले. पैसे नको. फक्त विकू नका."

पस्तीस वर्षं मी मलमपट्टी केली जनावरांची.
धरणं मला येतं.
ओठाला दोरीचा पीळ घालून घोडा कसा उभा करतात
हे माझ्या मनगटाला पाठ आहे, झोपेतसुद्धा.
न धरणं
कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिची मोहरकी काढली, खुंटीला टांगली,
आणि आठ पावलांवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो.
ती कोपऱ्यात. शेपूट आत. माझ्याकडे पाठ.
मी पेपर वाचला, जाहिरातींसकट.
दुसऱ्या दिवशी तेच. दिवाळी गेली, तेच.

शेजारच्या उईकेबाई तारेवरून म्हणाल्या,
"काऊन जी, फुकट पोसून रायले?
गाडीले जुंपा, फुटाळ्यावर पोराइले फिरवा,
दाण्यापुरते पैसे तरी निघतीन."
म्हटलं, गुडघा बरा झाला तरी नाही जुंपणार.
"मंग करता काय तिच्यासंगं दिवसभर?"
"बसतो."
त्या हसल्या, पदर तोंडाला लावून.
संध्याकाळी पालकाचे देठ टाकून गेल्या.

हात मात्र लबाड.
एकदा खिशात गूळ ठेवून गेलो.
ती आली, मान लांबवत, तीन पावलं, चार,
तळहातावर ओठ फिरले आणि लगेच माघारी.
रात्री जेवताना कळलं, ती गुळाकडे आली होती.
तेव्हापासून गूळ टाक्याच्या कडेला ठेवतो
आणि हात मांडीवर, रिकामे.
ती खाते, कोपऱ्यात परत जाते.
यात बरं वाटण्यासारखं काय आहे
ते उईकेबाईंना अजून सांगता आलेलं नाही.

नवतप्यात घरचा कूलर निंबाखाली आणला, वायर लांबवून.
पंख्याच्या घरघरीनं तिचे डोळे पांढरे झाले.
बंद केला.
सेहेचाळीस डिग्रीत दोघंही घामाघूम,
ती निंबाच्या त्या बाजूला, मी या.

त्याच आठवड्यात पलीकडच्या लॉनवर वरात आली.
बँडचा पहिला फटका पडला
आणि सुरमी थरथरली, खुरापासून कानापर्यंत.
मला वाटलं, पळेल. तार तोडेल.
ती चालत फाटकाशी गेली,
अंग आडवं केलं, पाठ ताठ केली,
डावी बाजू देऊन उभी राहिली.
कोणीतरी चढावं म्हणून.

खुंटीवरच्या मोहरकीकडे माझा हात गेलाच होता.
तिला आवरायला, की मला, कोण जाणे.
तसाच खाली घेतला. खुर्ची सोडून मातीतच बसलो.
पिपाण्या वाजल्या, फटाके झाले,
नवरदेव कुणाच्या तरी कारमधून उतरला असेल.
तिच्या पाठीवर कोणी चढलं नाही.
खूप वेळ कोणी चढलं नाही.

मग तिनं मान झटकली, जशी माशी बसल्यावर,
आणि वळली.
पावलं मी मोजली नाहीत.
माझ्या डाव्या खांद्याशी येऊन थांबली,
शिवली नाही. फुरफुरली.
मागचा एक पाय सैल सोडला,
खालचा ओठ लोंबला,
आणि उभ्या उभ्या झोपली.

मला डास चावत होते. मांडीला मुंग्या.
पहाटे इटारसीकडची मालगाडी गेली, लांबच लांब.
तिचा कान तेवढा हलला.
मी तोही हलवला नाही.