हातघाई

पर्वरीला, टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
काळ्या घट्ट कपड्यांत आम्ही दोघं उभे.
अंगावर त्रेपन्न पांढरे ठिपके,
छताला बारा कॅमेरे.
इनास कुडचड्याचा, ज्युडो शिकवतो.
मी साखळीचा, वीज खात्यात लाइनमन,
पंचविशीपर्यंत लाल मातीत होतो,
कानाची पाळी अजून चुरगळलेली आहे.

केतकी सिनारी, वय सत्तावीस, खेळ तिचा.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
सगळ्या खेळांत तलवारी फिरतात, जणू वारा कापतायत.
मला खरं हवं.
खरं म्हणजे काय, ते तिनेच वहीतून वाचलं:
चिलखतावरून पातं घसरतं.
मग तलवार अर्ध्यातच मुठीत धरायची, काठीसारखी,
काखेतून घालायची, गुडघ्यामागून ओढायची,
माणूस आडवा करायचा
आणि कट्यारीसाठी फट शोधायची,
काख, जांघ, हनुवटीखालची कातडी.
इनास म्हणाला, ही तर कुस्तीच.
मी म्हटलं, कुस्तीत पाठ लागली की उठून हात मिळवतात.

प्रसंग असा: खाजनाचा बांध, ओहोटी,
मानशीची दारं फुटलेली,
गुडघाभर चिखलात दोन शिपाई.
मागे किल्ला जळतो, तो नंतर रंगवणार.
चिखल म्हणून तीन गाद्या, एकावर एक.
चिलखत म्हणून वाळूची जाकिटं, अठरा किलोंची.

शब्द आपल्याकडे आहे, हातघाई.
ज्याने तो केला, तो कधी कुणाला भिडला नसावा.
हातांना घाई नसते.
मनगट सापडलं की ते तिथंच थांबतात,
समोरच्याचा श्वास मोजतात,
तो सोडेल त्या क्षणी भार टाकतात.
बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाही,
दोन दमलेली माणसं एकमेकांना टेकून उभी आहेत.
केतकीला नेमकं हेच आवडलं.
म्हणाली, अजून थोडं टेका.

त्या दुपारी मी सतरा वेळा मेलो.
दस्ती ओढून मेलो, ढाक लागून मेलो,
एकदा नुसताच पाय मुरगळून,
तेही तिने ठेवून घेतलं.
इनासच्या श्वासाला सुक्या सुंगटांचा वास.
माझ्या दाढीने त्याचा गाल सोललेला.
बायकोच्याही इतक्या जवळ
सलग चार तास मी कधी नव्हतो.
आणि प्रत्येक वेळी, तोल जायच्या जरा आधी,
तो कानाशी: पड तूं, हांव आसां.

सहा महिन्यांनी डिचोलीला, बहिणीकडे,
भाचा ओजस खेळत बसलेला.
मामा, हा बघ, तू.
चेहरा भलत्याचाच होता, मिशाही.
पण पडताना आधी वाकणारा डावा खांदा
माझाच, चोवीस साली निखळलेला.
वरचा शिपाई गुडघा रोवतो,
कट्यार उपसतो,
आणि ओजसने चित्र थांबवलं.
हा काय करतो? त्याचा दुसरा हात बघ ना.

बघितला.
कट्यार नसलेला हात
पडणाऱ्याच्या मानेखाली गेलेला,
बोटं फाकून, डोकं अलगद झेलत.
खाली मऊ चिखल.
आणि वरून तर मारायचंच होतं त्याला.

केतकीला फोन केला.
हो, म्हणाली, तेवढं पुसायचं राहून गेलं.
खेळात पंधराशे जण मरतात, सगळ्यांच्या मानेखाली
तोच हात आहे.
पुढच्या दुरुस्तीत काढते.
मग जरा थांबून: की राहू दे?
मी म्हटलं, हात इनासचा. त्याला विचार.

इनासला आठवेना.
कसला हात, म्हणाला,
मी तर तुला मारत होतो.

तोवर ओजसने पुन्हा सुरू केलं होतं.
बांध, ओहोटी,
दोघे टेकून उभे.