बांधणीची तार

अक्कलकोट रोडला समुद्र नाही.
पण गुंडेटींच्या डाय हाउसमध्ये टेम्पोतून रोज
बारा पोती मीठ उतरतं,
टॉवेलवर लाल बसावा म्हणून.
रंग सुतात राहतो. मीठ राहत नाही.
ते गटारात जातं, भेगेत जातं,
वाफेबरोबर छताला चिकटतं,
सळईचा पत्ता विचारत फिरतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तिथं
दोन ठोकळे ठेवले होते, गटाराच्या कडेला.
एकात साधी सळई. एकात स्टेनलेसची,
पुण्याहून मागवलेली, वीतभर.
आई म्हणाली, एवढ्यात डब्यांचा सेट आला असता.
भूमय्याला सांगितलं: रोज एक तांब्या,
रंगाचं उरलेलं पाणी, दोघांवर सारखं.
‘किती दिवस?’
मी येईपर्यंत, म्हणालो.

मग नोकरी लागली.

नऊ वर्षांनी गेलो ते स्लॅब तपासायला.
हातोडीनं वाजवायचं,
पोकळ बोललं की खडूचा गोल.
दुपारपर्यंत खडू संपला.
गंजताना लोखंड आधी फुगतं,
ज्यानं इतकी वर्षं पोटात धरलं
त्याच काँक्रीटला आतून कोपर मारतं.

‘भांड्याचं स्टील टाकलं तर?’ मालक म्हणाले.
सहापट, म्हणालो.
‘गंजणार नाही ना पण?’
मी क्रोमियमच्या सायीचं सांगू लागलो,
डोळ्याला न दिसणारी,
ओरखडली तर नुसत्या हवेवर परत धरते.
अमर नाही ओ. मीठ तिलाही गाठतं.
उशिरा गाठतं, एवढंच.

बोलता बोलता कोपऱ्यात ठोकळे दिसले.
ओले.

‘मामा सांगून गेले,’ नागमणी म्हणाली, भूमय्याची सून.
‘सायेब येईपर्यंत घालायचं.’
गेले म्हणजे?
‘चार वर्षं झाली की.’
आणि सुट्टीच्या दिवशी, रंग नसताना?
‘नळाचं घालते. मूठभर मीठ टाकून.’

पहिला ठोकळा फोडावा लागला नाही,
ओल्या गुळासारखा हातात आला,
आत सळई कुठली, नुसत्या खपल्या.
दुसऱ्यावर घण तीनदा उसळला.
सळई निघाली ती टाकली तशी,
मळकट, पण अंगावरची रेघ न् रेघ शाबूत.
फक्त मधोमध एक तपकिरी वळ.

नखानं खरवडला.
सळईचा नव्हता तो.
साच्यात ती हलू नये म्हणून
घाईत मीच गुंडाळली होती
साधी बांधणीची तार, दोन रुपयांची.
तिची आता धूळही उरली नव्हती,
जिथं वेढा होता तिथं डाग तेवढा.

मालक मोबाईलवर सहापटीचा हिशोब करत होते.
नागमणी माझ्याकडे बघत उभी,
हातात तांब्या, काठोकाठ.
‘आज घालू, का राहू दे?’