उसिस्याला अडकलो तेव्हा

मला जायचं होतं रुआर्वेला.
तिथं आंब्याखाली बाकं मांडून लोक वाट बघत होते
आणि माझ्या खिशात चौदा मुद्द्यांचं प्रवचन.
विषय: देव पुरवतो.

पण सरोवरावर म्वेरा सुटला.
दक्षिणेचा हा वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
त्यानं आमची होडी उसिस्याच्या वाळूत आणून टाकली.
नावाडी म्हणाला, "तीन दिवस. फार तर चार,"
आणि कणीस सोलत बसला.

न्यागोंद्वेनं पडवी दिली, चटई दिली.
तिचा सुझगो गेल्या जूनमध्ये
याच पाण्यावर जाळं घेऊन गेला.
होडी परत आली.
हे तिनं नाही सांगितलं,
शेजारणीनं सांगितलं, घागर भरता भरता.
खुंटीवर त्याचा शर्ट होता. धुतलेला.

रात्री मी मुद्दे काढले तर कागदाचा लगदा,
पाचवा मुद्दा सातव्यात उतरलेला,
सातवा देवाच्या नावात.
खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.
त्या शर्टासमोर बसून
'पुरवतो' म्हणायला जी जीभ लागते
ती माझ्यापाशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी लाकडं फोडली. वाईट फोडली.
तिनं कुऱ्हाड काढून घेतली.

तिसऱ्या सकाळी सरोवरातून धूर उठला,
काळे, उभे, डोंगराहून उंच खांब,
आमच्याकडे चालत येणारे.
मी वरच्या मुलखातला, असलं कधी पाहिलं नव्हतं.
"कुंगू!" ती ओरडली, आणि अख्खं गाव
तेल माखलेली ताटं, झाकणं, टोपल्या घेऊन किनाऱ्यावर.
चिलटं. तिळाएवढी, कोट्यवधी,
डोळ्यांत, कानांत, प्रार्थनेला उघडलेल्या तोंडात.
बायका ताटं हवेत ओवाळत होत्या
दृष्ट काढल्यागत,
आणि ताटावर साचत होता काळाभोर ओला थर.
ज्या वाऱ्यानं तो किनाऱ्याला लावला
तो म्वेराच होता.

रात्री तिनं त्याच्या वड्या थापल्या, भाजल्या,
पहिली माझ्यापुढे ठेवली.
चव थोडी मासळीची, थोडी राखेची.
ओठावर आलाच होता मान्ना,
रानात पहाटे सापडणारा, एका दिवसापुरता,
साठवला की किडणारा.
घासाबरोबर गिळला मी तो शब्द.
ज्या पाण्यानं मुलगा नेला
त्यानंच वाढलेलं ताट,
त्यावर मी कोण बोलणार?
भांडी घासली.

मग तिनंच विचारलं,
"लुफेयो, तुला इथं कुणी धाडलं?"
"वाऱ्यानं."
"माझ्या पोरालाही त्यानंच नेलं."
"हो."
एक निखारा फुटला. बराच वेळ तेवढाच आवाज.
"त्या कागदावर काहीच नाही का उरलं?"
दिव्यापाशी धरला. एकच शब्द धड होता.
"आणि," मी वाचलं.
"आणि काय?"
"इतकंच."
तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला,
घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.
म्हणाली, "तुझ्या देवाशी बोलशील तेव्हा सुझगोचं नाव घे.
माझं आणि त्याचं सध्या बोलणं नाही."
मी घेतलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती,
पण उठून गेली नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला.
रुआर्वेला माझ्याऐवजी दुसराच कुणी बोलला.
छान बोलला म्हणे.

तुम्ही विचाराल, ती पुढे देवळात आली का?
मला माहीत नाही.
निघताना तिनं पिशवीत दोन वड्या टाकल्या होत्या.
भर पाण्यात एक मोडून
मी नावाड्यापुढे धरली.
वल्हं मांडीवर ठेवून त्यानं ती घेतली, हुंगली.
"कुणी दिली?" त्यानं विचारलं.

उत्तर कुठून सुरू करावं
याचा मी विचार करत राहिलो,
आणि होडी आपोआप पुढे जात होती.