पाचवं धुणं

विटनेस, खिडकी लाव.
चिपेरोनीचं धुकं आत आलं की काच दमट होते
आणि मला पिवळा नीट दिसत नाही.
याच थंडीत येतात ती लेकरं
न्दिरांडेच्या चढावरून, सायकलच्या कॅरिअरवर,
आईच्या चितेंजेत गुंडाळलेली,
जीभ कोरडी, डोळे खोल.
आपल्याकडे ती येत नाहीत.
आपल्याकडे येते बोटाएवढी डबी
आणि तिच्यावरचा आकडा.

नाक मुरडू नकोस. सवय होते.
शहाण्णव खळगे, सगळ्यांना तेवढाच थेंब,
इथे पंक्तिप्रपंच चालत नाही.
तळाशी एक अँटिबॉडी आधीच ठाण मांडून आहे,
विषाणू आलाच तर त्याचा पदर धरायला.
वरून सोडायची ती ही, मोनोक्लोनल.
एकाच पेशीच्या लेकी सगळ्या;
पहिलीसारखी दुसरी, दुसरीसारखी कोट्यवधीवी.

कुठून आली म्हणतोस?
दूरच्या एका शहरात एक उंदीर होता.
त्याला विषाणू टोचला, त्याच्या प्लीहेनं तो ओळखला.
पण प्लीहेच्या पेशी बाहेर काढल्या की चार दिवसांच्या पाहुण्या.
म्हणून त्यातली एक जोडून दिली
कर्करोगाच्या पेशीशी,
जिला मरायचं असतं हेच ठाऊक नाही.
असं स्थळ कुणी आपल्या मुलीला बघणार नाही,
पण संसार टिकला.
उंदीर कधीच गेला.
त्याची ती एवढी एक ओळख
नायट्रोजनच्या गारठ्यात झोपते,
उठवली की मुकाट कामाला लागते.

तिच्या शेपटाला बांधलंय एका तिखट मुळातलं विकर.
रंग तो देतो. आधी निळा,
आम्ल टाकलं की पिवळा,
सकाळच्या पहिल्या लघवीसारखा. हसतोस काय, तसाच असतो.

वॉर्डातल्या बाया आपल्यासाठी थांबत नाहीत.
त्या मीठ-साखरेचं पाणी पाजत राहतात
चमच्या-चमच्यानं, रात्रभर.
आपण फक्त सांगतो, कोण आलं होतं.
तेही उशिरा.

चारशे सतरा.
तू तेव्हा शाळेतही नसशील.
खळगा पाण्यासारखा राहिला, स्वच्छ.
दुसऱ्यांदा केला, तसाच.
मी हट्टानं जेल चालवली, चांदीनं रंगवली,
आणि दिसल्या अकरा रेघा.
अकरा म्हणजे तोच की रे! त्याचेच अकरा तुकडे.
पण रेघांमधलं अंतर निराळं,
जणू ओळखीच्या गाण्याला
कुणी भलताच ठेका धरलाय.
ही आपली पतिव्रता मात्र म्हणाली,
नाही, हा तो नव्हे.
आणि ती खोटं बोलत नव्हती.
तिला एकच चेहरा शिकवला होता.
हा त्याच घराण्यातला, चुलत घरचा.

फॉर्मवर चौकटी दोनच.
मी "निगेटिव्ह" लिहिलं. सही केली. एस्नार्त कापुटा.
डबी गोठवणीत ठेवली, तळाच्या खणात.
वीज गेली त्या प्रत्येक रात्री
जनरेटरचा आवाज येईपर्यंत
मला पाच हजार डब्यांपैकी तेवढीच आठवायची.

अकरा वर्षांनी कोरड्या बर्फातून एक कुपी आली,
दुसऱ्या उंदराची, दुसरी ओळख.
मी आधी चारशे सतरा काढली.
आधी निळा.
मग, आम्ल घालताना हात हलला माझा,
बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

लेकराचं काय झालं ते नाही ठाऊक.
आकड्यामागचं नाव बघायची परवानगी नसते.
असेल तर आता मका पेरत असेल,
किंवा तुझ्यासारखा उगाच पेन चावत असेल.

रजिस्टर आण ते. बघ हे पान.
जुना शब्द असा खोडायचा: एकच रेघ, आडवी,
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला नवा शब्द, तारीख, सही.
शाई पांढरी करायची नाही कधी.

किती धुणी झाली? चार?
न धुतलेलं उगाच पिवळं होतं
आणि नसलेला पाहुणा आल्यासारखा वाटतो.
पाचवं धू.
आणि प्लेट उलटी करून कागदावर आपट,
जोरात. घाबरू नकोस.
जे खरं धरलेलं असतं ते सुटत नाही.