शेरा

नमुना सात. रकाने अकरा.
घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, ड्रम, टाकी, कूलर,
फ्रिजमागचा ट्रे, टायर, कुंड्या,
अळ्या आढळल्या का, औषध टाकले का,
आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा,
शेरा.

मी खरा तर आवक-जावकचा माणूस.
तेवीस वर्षं शिक्के मारले.
पण डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेला हात कमी पडतात,
मग कारकुनाच्याही हाती टॉर्च येतो.

सातपूर, कामगार वसाहत, गल्ली पाचवी.
दारापुढे द्राक्षांचे रिकामे क्रेट, त्यांवर वाळत घातलेली चादर.
मी ड्रमाचं झाकण उचललं, टॉर्च मारला.
पाणी स्वच्छ. गंगापूर धरणाचं, सकाळी पाऊण तास आलेलं.
"अळ्या नाहीत," मी म्हणालो, नाही-वर टिक केली.
"पाण्यात नाहीत," बाई म्हणाली,
"आत खाटेवर माणूस आहे. तोही बघा की, आलाच आहात तर."

यादव गांगुर्डे. लेथवर एकतीस वर्षं.
डावी बाजू गेलेली, पाठीला जखम,
आणि तिला झाकायला बाईच्या जुन्या लुगड्याची घडी.
दवाखाना चार गल्ल्या सोडून, आपलाच, महापालिकेचा,
पण त्याला पायऱ्या सहा,
आणि केवळबाईच्या गुडघ्यांना एकही झेपेना.

टॉर्च चालूच राहिला होता माझ्या हातात.
कुठला रकाना?
तो ड्रम नव्हता, टायर नव्हता.
बोटभर जागेत बारीक अक्षरात लिहिलं:
*घरी येऊन कोणीतरी पाहणे गरजेचे.*

संध्याकाळी नोंदी संगणकावर चढल्या.
संगणकात शेरा नव्हता.

खैरनार सिस्टर ऐकून हसल्या. त्यांच्या पर्समध्ये
असल्या शेऱ्यांची शंभर पानी वही होती.
म्हाताऱ्या, एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या,
एक तर गोळ्या रंगावरून ओळखणारी,
आणि कंपनीने गोळ्यांचा रंग बदललेला.

आम्ही टिपणी केली. मीच आवक, मीच जावक.
आरोग्य म्हणालं, ही बाब समाजकल्याणची.
समाजकल्याण म्हणालं, जखम आहे, म्हणजे आरोग्य.
बांधकामने विचारलं, पायऱ्यांची मोजमापं जोडली का?
मग सिंहस्थाच्या फायली आल्या, हातगाडीवरून,
घाट, रस्ते, तात्पुरते पत्र्याचे दवाखाने,
येणाऱ्या लाखोंसाठी.
आमची फाईल त्यांच्याखाली सात महिने झोपली.
मी रोज जेवणाच्या सुट्टीत तिला वर काढून ठेवायचो.
रोज ती खाली जायची.

शेवटी नगरसेविका भामरेबाईंनी सभागृहात ती वहीच वाचली.
भाषण केलं नाही. नुसती नावं, गल्ल्या, पायऱ्यांचे आकडे.
सव्वीसाव्या नावाला कोणीतरी म्हणालं, पुरे, समजलं.
"समजलं असेल तर लिहा," त्या म्हणाल्या.

आदेश निघाला. एक परिचारिका, मंगळवारी, दोन तास,
तात्पुरत्या स्वरूपात, रिक्षाभाडे देय नाही.
शहर केवढं, आणि दोन तास!
तरी मी त्या कागदावर शिक्का मारला तेव्हा
आयुष्यात पहिल्यांदा
तो सरळ बसतोय का ते वाकून पाहिलं.

गांगुर्डेंची जखम भरत आली. नंतर थंडीत ते गेले,
छातीत कफ होऊन. जखमेने नाही.
पुढच्या मंगळवारी सिस्टर सवयीने त्याच दारात.
केवळबाईने चहा टाकलेलाच होता.
रक्तदाब तिचाही निघाला, एकशे नव्वद.
इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं,
ती तर कुटुंबप्रमुखही नव्हती.

मी लिहिलं: *रुग्ण मयत. पत्नी हयात. भेट चालू ठेवावी.*
ऑडिटने खाली लाल शाईत विचारलंय:
कोणत्या नियमाने?

उत्तर द्यायचं राहिलंय.
आज मंगळवार. सिस्टर निघाल्यात,
रिक्षाचे चाळीस रुपये माझ्याकडून उसने घेऊन.